केशपेशी, ऐकू येणं आणि बहिरेपणावरचं संशोधन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जन्मतः बहिरी मुलं जनुकोपचाराने ऐकू लागली, ही बातमी २०२४ पासून मराठी वाचकांपर्यंतही पोचली आहे. त्यानंतर लोक जे प्रश्न विचारतात, ते बहुतेक एकाच गाठीपाशी येऊन अडतात: कानातली केशपेशी जिवंत आहे पण काम करत नाही, की ती मेलीच आहे? पहिल्या प्रकारात विज्ञानाने खरोखर मजल मारली आहे. दुसऱ्यात अजून नाही. बातमी, जाहिरात किंवा डॉक्टरांचा सल्ला, काहीही ऐकताना आधी हा फरक विचारून घ्यावा.

केशपेशी म्हणजे काय आणि त्या असतात कुठे?

कानाच्या तोंडाशी दिसणाऱ्या केसांशी यांचा संबंध नाही. कानाचा पडदा, त्यामागची तीन इवलीशी हाडं आणि त्याही पलीकडे, कवटीतल्या सगळ्यात टणक हाडाच्या आत, अडीच वेढ्यांची एक नळी असते. तिचं नाव कॉक्लिया. उलगडून सरळ केली तर ती साधारण ३५ मिलिमीटर भरते. या नळीत एका लवचिक पट्टीवर केशपेशींच्या रांगा असतात: आतल्या बाजूला एक आणि बाहेरच्या बाजूला तीन. इटलीच्या अल्फोन्सो कोर्ती यांनी १८५१ मध्ये या रचनेचं वर्णन केलं, म्हणून तिला आजही कोर्तीचं इंद्रिय म्हणतात.

प्रत्येक केशपेशीच्या माथ्यावर अतिसूक्ष्म काड्यांचा एक तुरा असतो. काड्या ॲक्टिन या प्रथिनाच्या धाग्यांनी ठासून भरलेल्या, म्हणून ताठ. आणि उंचीनुसार पायऱ्यांसारख्या रचलेल्या. आवाज आला की पट्टी हलते, तुरा एका बाजूला कलतो आणि पेशीला कळतं. शरीराचा तोल सांभाळणाऱ्या अंतर्कर्णाच्या भागातही अशाच पेशी असतात. माशांच्या अंगावरच्या पार्श्वरेषेत तर त्या पाण्याची हालचाल टिपतात.

अशा किती पेशी असतात?

एका कानात जन्माच्या वेळी साधारण १५,०००. त्यांतल्या सुमारे ३,५०० आतल्या रांगेतल्या, बाकीच्या बाहेरच्या तीन रांगांतल्या. डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी बारा कोटींच्या आसपास असतात, हे शेजारी ठेवून पाहा. शिवाय या १५,००० गर्भातच तयार होतात आणि तेवढ्यावरच आयुष्य काढायचं असतं. रक्तातल्या, त्वचेतल्या किंवा आतड्यातल्या पेशी रोज मरतात आणि रोज नव्या येतात. इथे तसं काही होत नाही.

आवाजाची वीज कशी होते?

कॉक्लियाच्या मधल्या कप्प्यातला द्रव शरीरातल्या इतर द्रवांपेक्षा वेगळा असतो. त्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि त्या कप्प्याचा विद्युतदाब अधिक ८० मिलिव्होल्टच्या आसपास असतो. केशपेशीच्या आत मात्र दाब उणे असतो. म्हणजे पेशीच्या माथ्यावर एक तयार बॅटरीच लावून ठेवलेली आहे, फक्त बटण दाबायचं बाकी.

हे बटण कुठे आहे, याचा शोध १९७० च्या दशकात नीट सुरू झाला. अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठात जिम हडस्पेथ आणि डेव्हिड कोरी यांनी बेडकाच्या अंतर्कर्णातल्या केशपेशीचा तुरा काचेच्या सूक्ष्म सळईने हलवला आणि पेशीचा विद्युतप्रतिसाद मोजला. हे १९७७ चं काम. तुरा उंच काड्यांच्या दिशेने कलला की प्रतिसाद एका दिशेने, उलट कलला की दुसऱ्या. पुढच्या मोजणीत दिसलं की हा प्रतिसाद मायक्रोसेकंदांत येतो. हा वेग महत्त्वाचा होता, कारण डोळ्यात प्रकाश पडल्यावर रासायनिक क्रियांची साखळी चालते आणि तिला मिलिसेकंद लागतात. कानात तेवढा वेळच नसतो. म्हणजे तुरा हलला की मार्गिका, म्हणजे पेशीच्या आवरणातलं विद्युतभारित कणांना आत सोडणारं दार, थेट यांत्रिक ओढीने उघडत असणार.

ओढतं कोण? १९८४ मध्ये इंग्लंडमध्ये जिम पिकल्स आणि सहकाऱ्यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एक बारीक धागा दिसला. बुटक्या काडीच्या टोकापासून तो शेजारच्या उंच काडीच्या अंगापर्यंत जात होता. त्याला टिप लिंक हे नाव पडलं. झडपेला बांधलेली दोरी ओढावी तसं हे काम: तुरा कलला की धागा ताणला जातो, बुटक्या काडीच्या टोकावरची मार्गिका उघडते आणि पोटॅशियम आत धावतं. हा धागा कॅडहेरिन-२३ आणि प्रोटोकॅडहेरिन-१५ या दोन प्रथिनांचा असतो, हे २००७ पर्यंत पक्कं झालं. यांपैकी एका प्रथिनाच्या जनुकात बिघाड असलेली मुलंही बहुतेकदा जन्मतः बहिरी असतात, आणि काहींची दृष्टीही पुढे जाते. हा अशर सिंड्रोमचा एक प्रकार आहे.

अगदी हलक्या, जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजाला हा तुरा नॅनोमीटरच्याही अंशाने हलतो, म्हणजे अणूच्या आकाराइतकाच. मला हा सगळ्या जीवशास्त्रातला सर्वांत अविश्वसनीय आकडा वाटतो.

मग ती मार्गिका नेमकी कुठलं प्रथिन आहे, हे कळलं का?

कळलं, पण वेळ लागला. अडचण साधी होती: कच्चा मालच नाही. पेशी हजारांत, आणि प्रत्येक पेशीवर या मार्गिका जेमतेम शे-दोनशे. मेंदू किंवा यकृतातून प्रथिन वेगळं काढायचं तर ग्रॅमांनी ऊती मिळतात. इथे उंदरांचे कितीही कान जमवले तरी हाती काही लागत नाही.

वाट सापडली बहिऱ्या कुटुंबांतून. २००२ मध्ये आनुवंशिक बहिरेपणाचा मागोवा घेताना टीएमसी-१ हे जनुक सापडलं, आणि त्याच जनुकात दोष असलेला एक बहिरा उंदीरही. त्या उंदराला संशोधकांनी बीथोव्हन हे नाव दिलं. पुढे २०११ आणि २०१८ च्या कामांतून टीएमसी-१ हेच मार्गिकेचं छिद्र घडवतं, हा पुरावा बळकट होत गेला. २०२२ मध्ये अमेरिकेत पोर्टलंडच्या एरिक गुओ यांच्या गटाने त्याची अणुपातळीवरची रचना दाखवली. त्यासाठी त्यांनी उंदरांचा नाद सोडून सूक्ष्म गोलकृमी वाढवले, थोडेथोडके नाहीत, कोट्यवधी. कृमीला आपल्यासारखे कान नाहीत, पण त्याच घराण्यातलं प्रथिन आहे.

या सगळ्या वाटचालीचा सन्मान म्हणून २०१८ चं मज्जाविज्ञानातलं कावली पारितोषिक हडस्पेथ, रॉबर्ट फेटिप्लेस आणि पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटच्या क्रिस्तीन पेती या तिघांना मिळालं. पेती यांच्या गटाने बहिरेपणाची कितीतरी जनुकं शोधली. त्यांपैकी एक पुढे पुन्हा येणार आहे.

आतल्या आणि बाहेरच्या केशपेशींत फरक काय?

मेंदूला खबर देतात त्या मुख्यतः आतल्या. श्रवणमज्जेचे, म्हणजे कानातून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जेचे, सुमारे ९५ टक्के तंतू त्यांनाच जोडलेले असतात. मग संख्येने तिप्पट असलेल्या बाहेरच्या पेशी काय करतात, हे कोडं बरीच वर्षं होतं.

गेओर्ग फॉन बेकेशी यांनी मृतांच्या कानांवर प्रयोग करून दाखवलं होतं की कॉक्लियातल्या पट्टीवर लाट धावते: बारीक, उंच पट्टीच्या आवाजाची लाट तळाशी, तर खर्जाची लाट टोकाशी उंच होते. यासाठी त्यांना १९६१ चं नोबेल मिळालं. पण मेलेल्या कानातली ती लाट फार बोथट होती. जिवंत कान कितीतरी बारीक फरक ओळखतो. १९४८ मध्येच टॉमस गोल्ड नावाच्या तरुणाने म्हटलं होतं की कानात शक्ती पुरवणारी काही सक्रिय यंत्रणा असलीच पाहिजे, नाहीतर द्रवाच्या घर्षणात सगळं विरून जाईल. कोणी फारसं मनावर घेतलं नाही. हे तेच गोल्ड, ज्यांनी त्याच वर्षी बाँडी आणि फ्रेड हॉइल यांच्यासोबत स्थिर-स्थिती विश्वाचा सिद्धांत मांडला. जयंत नारळीकरांचे गुरू हॉइल, म्हणून मराठी वाचकाला ही नावं परकी नाहीत. विश्वाबद्दलचा तो सिद्धांत मागे पडला, पण कानाबद्दल गोल्ड बरोबर निघाले.

१९७८ मध्ये लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी कानात टिकटिक आवाज सोडला आणि काही मिलिसेकंदांनी कानातून परत आलेला आवाज मायक्रोफोनने पकडला. कान आवाज काढतो! १९८० च्या दशकात विल्यम ब्राउनेल यांनी बाहेरच्या केशपेशीला विजेचा झटका दिला, तेव्हा ती लांब-आखूड होताना दिसली. २००० मध्ये पीटर डॅलॉस यांच्या प्रयोगशाळेत या हालचालीमागचं प्रथिन सापडलं: प्रेस्टिन. बाहेरच्या पेशी दर कंपनाला आकसून-प्रसरून पट्टीला धक्का देतात आणि हलका आवाज मोठा करतात. प्रेस्टिन नसलेल्या उंदरांची श्रवणक्षमता ४० ते ६० डेसिबलने घसरते.

नवजात बाळाच्या कानात छोटा मायक्रोफोन घालून चाचणी करतात, ती हीच का?

हो. केम्प यांनी पकडलेला तोच प्रतिध्वनी. बाळ झोपलेलं असताना काही मिनिटांत होते. प्रतिध्वनी आला म्हणजे बाहेरच्या केशपेशी काम करत आहेत.

पण इथे एक खाच आहे आणि ती पालकांना क्वचितच सांगितली जाते. बाहेरच्या पेशी ठीक आणि आतल्या पेशींचा निरोप मज्जेपर्यंत जात नाही, असंही असू शकतं. अशा बाळाची ही चाचणी पास होते आणि बाळ तरीही बहिरं असतं. म्हणून अतिदक्षता विभागात राहिलेलं बाळ, घरात बहिरेपणाचा इतिहास, किंवा चाचणी पास होऊनही हाकेला ओ न देणारं बाळ असेल, तर मेंदूपर्यंतचा प्रतिसाद मोजणारी बेरा चाचणी मागून घ्या. सर्वमान्य वेळापत्रक असं आहे: पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार किंवा श्रवणयंत्र. 'मोठा झाला की बोलेल, त्याचे बाबाही उशिरा बोलले' हे घरातल्या वडीलधाऱ्यांचं वाक्य मायेचं असतं, पण त्यात वर्षं जातात.

बहिऱ्या मुलांना इंजेक्शनने ऐकू आलं, ही बातमी खरी आहे का?

खरी आहे. पण कोणत्या मुलांना, हे बातमीच्या मथळ्यात मावत नाही.

आतल्या केशपेशीच्या तळाशी, जिथे ती मज्जातंतूला भेटते, तिथे निरोप देणाऱ्या रसायनाच्या पिशव्या रांगेत उभ्या असतात. वीज आली की त्या फुटायच्या. त्यासाठी ओटोफर्लिन नावाचं प्रथिन लागतं. त्याचं ओटीओएफ हे जनुक पेती यांच्या गटाने १९९९ मध्ये शोधलं. ज्या मुलांना आई आणि वडील दोघांकडूनही हे जनुक बिघडलेलं मिळतं, त्यांच्या केशपेशी जिवंत असतात, तुरा शाबूत असतो, वीजही तयार होते, फक्त निरोप पुढे जात नाही. वरच्या उत्तरातलं, प्रतिध्वनीची चाचणी पास होणारं बहिरं बाळ ते हेच.

उपचार करायचा तर चांगलं जनुक पेशीत पोचवायचं. त्यासाठी एएव्ही नावाचा निरुपद्रवी विषाणू वाहक म्हणून वापरतात. पंचाईत अशी की त्यात साधारण ४,७०० अक्षरांएवढाच जनुकीय मजकूर मावतो आणि ओटोफर्लिनचा मजकूर सुमारे ६,००० अक्षरांचा. म्हणून तो दोन तुकड्यांत, दोन वेगळ्या विषाणूंतून पाठवतात. एकाच पेशीत दोन्ही पोचले की तुकडे आतच जोडले जातात. हे द्रावण कॉक्लियाच्या गोल खिडकीतून आत सोडतात.

शांघायच्या फुदान विद्यापीठाच्या नेत्र व कान-नाक-घसा रुग्णालयात पहिल्या सहा मुलांच्या एकेका कानात ते दिलं गेलं. जानेवारी २०२४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आले: सहापैकी पाच मुलांना ऐकू येऊ लागलं. त्याच महिन्यात फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयाने एका ११ वर्षांच्या मुलाबद्दल अशीच घोषणा केली. २०२५ मध्ये एक ते २४ वर्षं वयाच्या दहा रुग्णांचा अहवाल आला. त्यांना उपचाराआधी सरासरी १०६ डेसिबलपेक्षा हळू काही ऐकू येत नव्हतं, उपचारानंतर ती पातळी ५२ वर आली. ५२ म्हणजे पूर्ण श्रवण नाही, पण बोलणं ऐकू येण्याच्या टप्प्यात नक्कीच. परिणाम किती वर्षं टिकतो, हे या मुलांच्या मोठं होण्यासोबतच दिसेल.

मग आमच्या मुलालाही हा उपचार मिळेल का?

आधी जनुकीय चाचणी. जन्मजात आनुवंशिक बहिरेपणात ओटीओएफचा वाटा थोडा, काही टक्क्यांचाच आहे. बहिरेपणाशी जोडलेली जनुकं शंभराच्या वर आहेत आणि प्रत्येकाचा बिघाड वेगळा. भारतात जास्त आढळतो तो जीजेबी-२ या जनुकातला दोष, आणि त्यातही डब्ल्यू-२४-एक्स नावाचा एक विशिष्ट बदल. युरोपातल्या रोमा लोकांतही तोच सापडतो, कारण त्यांचे पूर्वज भारतातून गेले. हे जनुक मुख्यतः केशपेशींच्या भोवतालच्या आधारपेशींत काम करतं, त्यामुळे ओटोफर्लिनचा उपचार तिथे जसाच्या तसा चालत नाही. टीएमसी-१ साठी उंदरांत जनुकसंपादनाने यश आलं आहे. माणसांसाठी उपचार म्हणून ते अजून हातात नाही.

चाचणीचा फायदा उपचारापुरता नसतो. पुढच्या बाळात किती शक्यता आहे, मुलाच्या डोळ्यांवर किंवा किडनीवर लक्ष ठेवायचं का, कानात शस्त्रक्रियेने बसवायच्या कॉक्लियर इम्प्लांट या यंत्राचा कितपत उपयोग होईल, हे त्यातून कळतं. मामेबहीण-आतेभावाची किंवा मामा-भाचीची लग्नं जिथे चालतात, त्या घरांनी तर ती टाळू नये. दोष दोन्हीकडून येण्याची शक्यता तिथे वाढते. यात कोणाच्या सुनेची किंवा जावयाची चूक काढण्यासारखं काही नाही.

जनुकोपचार येईपर्यंत कॉक्लियर इम्प्लांटसाठी थांबावं का?

थांबू नये. मेंदूला भाषा ऐकायची सवय लागण्याची वर्षं पहिली तीन-चार. ती गेली की पुढे कितीही चांगलं तंत्र आलं तरी भाषेची वाट अवघड होते. इम्प्लांट केशपेशींना वळसा घालून थेट मज्जेला विजेचे संकेत देतो, म्हणून पेशी मेलेल्या असोत की निकामी, तो चालतो. ओटीओएफचा दोष सापडला आणि जनुकोपचाराच्या चाचणीत जागा मिळाली तर एक कान त्यासाठी राखून दुसऱ्यात इम्प्लांट करता येतं. हा निर्णय डॉक्टरांसोबत बसून घ्यावा.

खर्चासाठी दिव्यांगांना साधनं देणारी केंद्राची एडिप योजना आहे. तिच्यात जन्मतः बहिऱ्या मुलांसाठी वयाची अट आहे, त्यामुळे चौकशी लवकर करा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. १९८३ पासून तिथे तपासणी, श्रवणयंत्र आणि भाषाप्रशिक्षण यांचं काम चालतं. इम्प्लांटनंतरचं प्रशिक्षण शस्त्रक्रियेइतकंच महत्त्वाचं, आणि ते घरी, मराठीत, रोज करावं लागतं.

पक्ष्यांच्या केशपेशी परत उगवतात म्हणे. मग आपल्या का नाही?

उगवतात हे खरं. १९८० च्या दशकापर्यंत बहुतेकांनी गृहीत धरलं होतं की पक्ष्यांत आणि सस्तन प्राण्यांत गेलेली केशपेशी परत येत नाही. १९८८ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी कोंबडीच्या पिलांत आणि लाव्यांत दाखवलं की मोठ्या आवाजाने मेलेल्या केशपेशींच्या जागी नव्या येतात. त्या येतात आधारपेशींतून. केशपेशी मेली की शेजारची आधारपेशी एक तर विभागते, नाहीतर स्वतःच रूप बदलून केशपेशी होते. काही आठवड्यांत पक्षी पुन्हा ऐकू लागतो. झेब्रा माशात तर हे काही दिवसांत होतं, म्हणून अनेक प्रयोगशाळांत टाक्यांच्या टाक्या या माशांनी भरलेल्या असतात.

सस्तन प्राण्यांत ही क्षमता जवळजवळ बंद झाली आहे. नुकत्याच जन्मलेल्या उंदरात ती थोडी शिल्लक असते, आणि ती पिलं काही दिवसांची झाली की संपते. तोल सांभाळणाऱ्या भागात प्रौढपणीही किंचित नवनिर्मिती होते. कॉक्लियात नाही. का, याचं एक उत्तर असं: आपल्या आधारपेशी फार विशेष कामाला जुंपलेल्या आहेत. बारीक स्वरभेद ओळखण्यासाठी लागणारी ताठ, मोजून-मापून केलेली रचना त्यांच्यावर उभी आहे. केशपेशी घडवणाऱ्या जनुकांकडे जाणारे रस्ते त्यांनी कायमचे मिटवून टाकलेले दिसतात. डीएनए शाबूत, पण ती पानं वाचता येत नाहीत.

यावर प्रयत्न झाले, आणि ते सांगायलाच हवेत. ॲटोह-१ हे जनुक केशपेशी घडवण्याची सुरुवात करतं, हे १९९९ मध्ये कळलं. २००५ मध्ये बहिऱ्या केलेल्या गिनीपिगांच्या कानात ते घातल्यावर काही नव्या पेशी आल्या आणि श्रवण थोडं सुधारलं. नंतर माणसांत चाचणी झाली, ठोस यश आलं नाही. २०१३ मध्ये बोस्टनला नॉच नावाची पेशींतली रोखणारी यंत्रणा औषधाने दाबून उंदरांत थोडं श्रवण परत आलं. त्या वाटेने युरोपात चाचणी झाली, तीही ठरवलेल्या निकषावर उतरली नाही. फ्रिक्वेन्सी थेराप्युटिक्स या अमेरिकी कंपनीच्या एफएक्स-३२२ या औषधाचा बराच गाजावाजा झाला होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याची मोठी चाचणी फसली आणि कंपनीने तो कार्यक्रम गुंडाळला.

माझं मत: हे अपयश म्हणजे मार्ग चुकीचा असल्याचा पुरावा नाही. एक पेशी उगवणं पुरेसं नाही, एवढंच त्यातून दिसलं. नवी पेशी योग्य जागी, योग्य प्रकारची, योग्य दिशेला तुरा वळलेली आणि मज्जेशी जोडलेली हवी. एकाच कळीच्या जनुकाने एवढं सगळं होईल, ही आशाच जरा भाबडी होती. आता एकापेक्षा जास्त जनुकं एकत्र वापरण्याकडे काम वळलं आहे.

स्टेम सेलने बहिरेपण बरं करतो, अशी जाहिरात पाहिली. जावं का?

नाही. प्रयोगशाळेत मूलपेशींपासून, म्हणजे स्टेम सेलपासून, केशपेशींसारख्या पेशी आणि अंतर्कर्णाचे छोटे गोळे तयार करता येतात. उंदराच्या पेशींपासून ते २०१३ मध्ये, माणसाच्या पेशींपासून २०१७ मध्ये जमलं. त्यांचा उपयोग औषधं आणि जनुकं तपासायला होतो. रुग्णाच्या कानात बसवून ऐकू आणणारा मान्यताप्राप्त उपचार आज कुठेही नाही. पैसे घेऊन 'चाचणीत सहभागी' करणारा कोणी भेटला तर तिथूनच परत फिरा. कानात तेल घालून केशपेशी सुधारत नाहीत, कारण तेल पडद्याच्या पुढे जातच नाही.

गणपतीत ढोल-डीजेजवळ उभं राहिल्यावर कान बधिर होतो, दुसऱ्या दिवशी बरा होतो. म्हणजे काही झालं नाही ना?

पूर्वी तसंच मानायचे. २००९ मध्ये हार्वर्डच्या शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना दोन तास १०० डेसिबल आवाजात ठेवलं. काही दिवसांत त्यांची श्रवणपातळी पूर्ववत झाली, केशपेशीही सगळ्या जागेवर. पण केशपेशी आणि मज्जातंतू यांच्यातले जोड मोजले तेव्हा काही भागांत निम्मे नाहीसे झाले होते. ते परत आले नाहीत. माणसात हे नेमकं किती होतं, यावर अजून वाद आहे, पण 'दुसऱ्या दिवशी बरा झाला' हा निर्वाळा आता देता येत नाही.

पुण्यात विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेचे विद्यार्थी आवाज मोजतात. सरासरी १०० डेसिबलच्या आसपास गेल्याची वर्षं आहेत. कामगारांसाठीचा एक प्रचलित निकष असा: ८५ डेसिबल आठ तास, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. त्या हिशेबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. ढोलपथकातली मुलं महिना-दीड महिना रोज सराव करतात, आणि कापसाचे बोळे म्हणजे संरक्षण असा त्यांचा समज असतो. कापूस जवळजवळ काहीच थांबवत नाही. फोमचे इअरप्लग स्वस्त असतात, पथकप्रमुखांनी ते ढोलासोबतच द्यावेत.

आमच्या आजोबांना आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. असं का?

केशपेशी साधारणपणे कॉक्लियाच्या तळाकडून आधी जातात आणि तळाला उंच पट्टीचे आवाज असतात. मराठीतले स्वर खालच्या पट्टीत, पण स, श, फ, थ यांची ओळख वरच्या पट्टीत. त्यामुळे 'आ' ऐकू येतो, पुढे 'सा' होता की 'फा' हे कळत नाही. ओरडून बोललं की स्वरच आणखी मोठा होतो. समोर बसून, जरा सावकाश बोलावं. मृत्यूनंतर दान केलेल्या कानांच्या २०२० मधल्या अभ्यासात दिसलं की वयानुसार होणाऱ्या बहिरेपणात केशपेशी जाणं हे आधी मानलं होतं त्यापेक्षा कितीतरी मोठं कारण आहे. म्हणजे 'वय झालं, चालायचंच' यातला काही भाग आयुष्यभराच्या आवाजाचा असावा.

टीबीच्या इंजेक्शनने कान जातात का?

काही इंजेक्शनांनी जातात. स्ट्रेप्टोमायसिन १९४४ मध्ये आलं आणि लवकरच रुग्णांचा तोल आणि श्रवण बिघडताना दिसलं. कॅनामायसिन, अमिकासिन, जेंटामायसिन याच कुळातली. ही औषधं केशपेशीत शिरतात ती त्याच मार्गिकेतून, जी आवाजासाठी उघडते. पेशीचं काम आणि पेशीचं मरण एकाच दारातून. काही घरांत मायटोकाँड्रिया या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागाच्या डीएनएत १५५५ क्रमांकाच्या जागी एक बदल असतो. तो आईकडून येतो, आणि अशांना थोड्या मात्रेनेही बहिरेपण येऊ शकतं. आईच्या बाजूला इंजेक्शननंतर कोणी बहिरं झालं असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगा.

औषधांना न जुमानणाऱ्या टीबीसाठी आता बेडाक्विलिनसारख्या गोळ्यांवर भर आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने कॅनामायसिन यादीतून काढलं. ही मोठी सुटका आहे. पण सुरू असलेलं इंजेक्शन स्वतःहून बंद करू नका. श्रवणचाचणी मागा आणि डॉक्टरांशी बोला. कॅन्सरवरच्या सिस्प्लॅटिनचंही असंच आहे. ते कॉक्लियात महिनोन्‌महिने साठून राहतं. मुलांत ही हानी कमी करायला सोडियम थायोसल्फेट वापरायला अमेरिकेत सप्टेंबर २०२२ मध्ये मान्यता मिळाली.

भारतात या विषयावर मूलभूत काम होतं का?

होतं, मोजकं पण चांगलं. बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवविज्ञान संशोधन संस्थेत राज लाधेर यांचा गट केशपेशी घडताना तिचा तुरा नेमक्या दिशेला कसा वळतो, हे अभ्यासतो. मोहालीच्या आयसर या विज्ञानसंस्थेत सब्यसाची रक्षित यांचा गट टिप लिंकचा धागा किती ताण सहन करतो, हे एकेका रेणूवर मोजतो. जीवशास्त्र किंवा भौतिकशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्यांना इथे दोन्हींची गाठ पडते.

एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर?

सकाळी उठल्यावर एक कान बंद वाटला की बहुतेक जण मळ समजून आठवडाभर थेंब घालत बसतात. एक-दोन दिवसांत आलेलं बहिरेपण ही तातडीची गोष्ट आहे. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. मळ नसेल तर श्रवणचाचणी करून स्टिरॉइड सुरू करण्याचा निर्णय होतो. त्याचा फायदा मुख्यतः पहिल्या दोन आठवड्यांत, आणि जितकं लवकर तितका जास्त.